शाबूत काय आहे ते आधी सांगा

त्या सोमवारी सकाळी साडेनऊला क्लायंटचा फोन आला तेव्हा मला टीम लीड होऊन जेमतेम चार महिने झाले होते. आदल्या शनिवारी रात्री आम्ही त्यांचा सगळा डेटा जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवला होता, नऊ जणांची टीम, दोन महिन्यांची मेहनत, रविवारी पहाटे चारला काम पार पडलं म्हणून ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पण पडले होते. आणि आता फोनवरचा माणूस सांगत होता की त्यांच्या ग्राहकांना हप्त्यांचे रिमाइंडर भलत्याच तारखांचे चाललेत, ज्यांचा हप्ता ३ मे ला आहे त्यांना ५ मार्चचा मेसेज गेलाय आणि ज्यांचा खरंच ५ मार्चला आहे त्यांना गेलेलाच नाही. पोटात गोळा आला माझ्या. आणि तोंडातून निघालं काय, तर "काही नाही, होईल ठीक, बघतो आम्ही". हे वाक्य मी त्या काळात दिवसातून दहा वेळा तरी म्हणत असेन.

मला वाटायचं लीडनं कायम पॉझिटिव्ह असलं पाहिजे. त्याला कारणही होतं. आधीच्या नोकरीत ज्यांच्या हाताखाली होते ते कुठलंही काम सुरू व्हायच्या आधीच "हे काही आपल्याला जमायचं नाही" म्हणायचे, सकाळी ते आत आले की त्यांचा चेहरा बघूनच आमचं आपापसातलं बोलणं बंद व्हायचं, दोन वर्षं तसं काढलं आणि तेव्हाच ठरवून टाकलेलं की आपल्याला कधी टीम मिळाली तर आपण असं वागायचं नाही. मग टीम मिळाली आणि मी पार दुसऱ्या टोकाला गेले. कोणी अडचण घेऊन आलं की "टेन्शन नको घेऊस", "सगळं मस्त होणार बघ", "आधी पॉझिटिव्ह विचार कर". आणि हे मी मनापासून म्हणायचे, त्यात दिखावा नव्हता, मला खरंच वाटायचं की माझ्या बोलण्यानं समोरच्याला बळ मिळतंय.

आता त्या सोमवारच्या आधीचा बुधवार सांगते. सकाळचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, चालू होतं. आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, कॉलेजातून येऊन सहा महिने झालेली, हळूच म्हणाली, "मॅम, तारखांबद्दल एक छोटासा डाउट होता." मी लॅपटॉपकडे बघतच विचारलं, काय गं? "टेस्ट डेटात दोनतीन रेकॉर्डमध्ये दिवस आणि महिना उलटा झाल्यासारखा वाटतोय, पण बाकीच्यांत बरोबर आहे, म्हणजे मलाच नीट कळलं नसेल बहुतेक." मी म्हणाले, "अगं, रिपोर्टमध्ये एकही एरर नाहीये ना? मग टेन्शन नको घेऊस, होतंय सगळं." ती हसली, "हो मॅम" म्हणाली, पुढच्याचा नंबर आला. पंधरा सेकंदसुद्धा लागले नसतील ह्या सगळ्याला.

झालं होतं ते असं. जुन्या सिस्टिममध्ये तारीख दिवस आधी, महिना नंतर अशी लिहिलेली होती. डेटा हलवणारं टूल महिना आधी धरून वाचत होतं, आणि पहिला आकडा १२ पेक्षा मोठा निघाला की गपचूप आपला अंदाज बदलून तोच आकडा दिवस म्हणून घेत होतं. म्हणजे १३ तारखेपासून ३१ तारखेपर्यंतचं सगळं बरोबर, आणि १ ते १२ मधलं जवळजवळ सगळं उलटं (५/५ सारख्या तारखा सोडल्या तर). एरर एकही नाही कारण टूलच्या मते प्रत्येक तारीख वैधच होती! तिनं दोनतीन रेकॉर्ड बघून जे पकडलं होतं ना, ते नेमकं हेच.

सोमवारी दहा वाजता आमचे सर आले. आम्ही सगळे एका स्क्रीनभोवती उभे, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी लगेच सुरू झाले, होईल सर, करतो आम्ही, दुपारपर्यंत... त्यांनी मला हातानं थांबवलं, एक खुर्ची ओढली आणि बसले. बसले हे मुद्दाम सांगतेय, कारण ते बसल्यावर एकेक करून बाकीचेही बसले आणि खोलीतली हवाच बदलली. मग व्हाइटबोर्डवर तीन रकाने काढायला सांगितले मला. बिघडलंय, शाबूत आहे, माहीत नाही. म्हणाले, "बिघडलंय ते क्लायंटनं सांगितलंच आहे, ते नंतर लिहू. आधी मला सांगा, शाबूत काय आहे?"

पहिला अर्धा मिनिट कोणालाच काही सुचेना. मग कोणीतरी म्हणालं, सर जुना डेटाबेस आहे तसाच आहे, शनिवारी संध्याकाळी बंद केला त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नाही. ते लिहिलं. मग दुसरा म्हणाला रिमाइंडर आपोआप पाठवणारा प्रोग्राम एका जागेवरून बंद करता येतो, आत्ता करू? कर. तिसरी म्हणाली सोमवार सकाळपासून ज्या नव्या नोंदी झाल्यात त्यांच्यावर वेळेचा शिक्का आहे, त्या वेगळ्या काढता येतील. पाच मिनिटांत मधला रकाना भरला आणि मी बघत होते, तीच माणसं, तीच चूक, तीच खोली, पण खांदे वर आले होते सगळ्यांचे.

मग त्यांनी विचारलं, "हे आधी कोणाच्या लक्षात आलं होतं का?" पुन्हा शांतता. तिनं हात वर केला, अर्धाच. "सर, मला बुधवारी दोनतीन रेकॉर्डमध्ये दिसलं होतं." मी म्हणाले, "तिनं मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." सरांनी माझ्याकडे पाहिलं, एक सेकंदच, आणि तिला म्हणाले, "म्हणजे कुठल्या तारखा उलटल्यात आणि कुठल्या नाहीत ह्याचा नियम तुला सगळ्यात आधी दिसलाय. ये, इथं बस, आता तू सांग आणि हे लिहितील." त्यानंतर संध्याकाळी साडेसातपर्यंत त्या मुलीनं ते काम पुढे नेलं. जुन्या डेटाशी ताडून बहुतेक सगळं स्क्रिप्टनं दुरुस्त झालं, सोमवारी क्लायंटच्या माणसांनी हात लावलेली साडेतीनशेच्या आसपास रेकॉर्ड उरली ती तिघांनी बसून एकेक करून तपासली.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण पॉझिटिव्ह असणं म्हणजे काय हे मला त्या मधल्या रकान्यानं शिकवलं, आणि नंतर जे काही वाचलं त्यानं ते अजून पक्कं होत गेलं, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलेय.

मार्टिन सेलिग्मन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी आणि स्टीव्हन मायर ह्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते (आजच्या नजरेनं बघवत नाहीत असे, पण झाले होते). ज्या कुत्र्यांना विजेचे झटके बसत आणि काहीही केलं तरी थांबवता येत नसत, ती कुत्री नंतर सहज सुटका होईल अशा ठिकाणी ठेवली तरी बरीचशी जागची हललीच नाहीत, पडून राहिली. ह्याला त्यांनी नाव दिलं शिकलेली असहायता. म्हणजे काही करून उपयोग नाही हे प्राणी अनुभवातून शिकतो, अशी मांडणी. कितीतरी वर्षं सगळीकडे हेच शिकवलं गेलं. मला जे भारी वाटतं ते ह्याच्या पुढचं आहे. २०१६ मध्ये, जवळपास पन्नास वर्षांनी, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे लिहिलं की आमची मूळ मांडणी उलटी होती. सतत वाईट घडत राहिलं की गळून जाणं, हातपाय गाळणं, ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की आपल्या हातात काहीतरी आहे.

हे वाचलं तेव्हा मला तो सोमवार डोळ्यासमोर आला. आम्ही नऊ जण उभे होतो ना गप्प, ते आळशी होतो म्हणून नाही की कच्चे होतो म्हणूनही नाही, माणूस असाच थिजतो. आणि "सगळं मस्त होणार" म्हटल्यानं थिजलेला माणूस हलत नाही, कारण त्या वाक्यात त्याच्या हाताला लागेल असं काहीच नसतं. "रिमाइंडर बंद करता येतो" ह्यात असतं. लीडनं टीमला द्यायचा धीर हा असा हाताला लागणारा पाहिजे, असं माझं आता ठाम मत झालंय.

सेलिग्मन ह्यांचंच आणखी एक काम नोकरीशी थेट संबंधित आहे. विमा एजंटांवर केलेला अभ्यास, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला. विम्याच्या विक्रीत दिवसभर नकारच ऐकायचे असतात, दहातल्या नऊ वेळा समोरचा नकोच म्हणतो, तर असा नकार आल्यावर माणूस स्वतःला काय सांगतो हे त्यांनी मोजलं. "मला हे जमतच नाही, मी कशातच चांगला नाही" असं सांगणारे एकीकडे, आणि "ह्या माणसाला आज वेळ नव्हता" असं सांगणारे दुसरीकडे. पहिल्या दोन वर्षांत ह्या दुसऱ्या, म्हणजे आशावादी गटानं पहिल्या गटापेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकला. फरक कुठे आहे बघा, नकार दोघांनाही मिळतच होते, पण एकाला तो नकार कायमचा आणि सगळ्यावर पसरलेला वाटतो, दुसऱ्याला आजच्यापुरता आणि एका गोष्टीपुरता. मी तर म्हणेन टीममधल्या कोणाच्या हातून चूक झाली की लीडच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य पण ह्याच दोन प्रकारांतलं असतं. "तुझं नेहमीचंच आहे" हे एक, आणि "ह्या वेळी तपासायची एक पायरी सुटली" हे दुसरं. पहिलं ऐकलेला माणूस पुढचे पंधरा दिवस मान खाली घालून काम करतो, मी केलंय तसं काम, मला माहितीये.

आणि इथंच एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते कारण सोशल मीडियावर नेमकं उलटं सांगितलं जातं. यश डोळ्यासमोर आणा, झालंच आहे असं समजा, मिळेल. गॅब्रिएल ओटिंगन नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ह्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. २००२ मध्ये त्यांनी आणि डोरिस मायर ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवी घेऊन नोकरी शोधणारी मुलं होती. ज्यांना आपल्या आधीच्या अनुभवावरून वाटत होतं की आपल्याला नोकरी मिळेल, त्यांचं दोन वर्षांनी चांगलं झालेलं दिसलं. पण जी मुलं नोकरी मिळाल्याची गोड स्वप्नं जास्त रंगवत बसत होती त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना ऑफर कमी आल्या, पगारही कमी मिळाला. दोन्हीला आपण सर्रास पॉझिटिव्ह थिंकिंगच म्हणतो! पण एकाच्या मागे "मी केलंय हे आधी" असतं, आणि दुसऱ्यात मनाला आधीच मिळाल्याचं समाधान होऊन जातं, मग धडपड कशाला करायची. ओटिंगन ह्यांचं म्हणणं असं की जे हवंय ते डोळ्यासमोर आणा, जरूर आणा, आणि लगेच त्याच्या शेजारी आपल्या आतली आडवी येणारी गोष्ट उभी करा. दोन्ही एकत्र. मग अडचण आली तर काय करणार हे आधीच ठरवा.

आरशासमोर उभं राहून मी ग्रेट आहे मी ग्रेट आहे म्हणायचं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड ह्यांच्या २००९ च्या प्रयोगात ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच डळमळीत होता त्यांना अशा वाक्यांनी आणखीच वाईट वाटलं होतं, एवढं पुरे आहे.

लीडचा मूड टीमला लागतो का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. लागतो, आणि भलताच लागतो. सिगल बार्सेड ह्या संशोधिकेनं २००२ मध्ये दाखवलं होतं की गटात एकाच माणसाला मुद्दाम आनंदी किंवा त्रासिक वागायला सांगितलं तर त्याचा मूड बाकीच्यांमध्ये उतरतो, आणि चांगला मूड पसरला तिथं सहकार्य वाढलं, भांडणं कमी झाली. २००५ चा एक प्रयोग तर मला फार आवडतो. गटांना डोळ्यांवर पट्टी बांधून तंबू उभारायचा होता, आणि त्याआधी प्रत्येक गटाच्या लीडरला एक व्हिडिओ दाखवलेला, कोणाला हसवणारा, कोणाला अस्वस्थ करणारा. लीडरचा मूड गटात आला, आणि चांगल्या मूडच्या लीडरचे गट एकमेकांशी नीट जुळवून काम करताना दिसले. पण वाईट मूडच्या लीडरच्या गटांनी मेहनत जास्त केली! हे नीट लक्षात घ्या, कारण खूप मॅनेजरना वाटतं की मी कडक चेहरा ठेवला की लोक पळतात, म्हणजे ते बरोबरच आहे. पळतात खरं. पण जो तो आपापल्या दिशेनं, आणि तंबूला सगळ्यांचे हात एकदम लागतात.

माझ्या आधीच्या साहेबांच्या टीममध्ये आम्ही खूप पळायचो. उशिरापर्यंत बसायचो. आणि एकाच गोष्टीवर तिघं वेगवेगळं काम करतायत हे आठवड्यानं कळायचं, कारण विचारायला कोणी जायचंच नाही.

आता एक गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, माझी अत्यंत आवडती. शॅकलटन नावाच्या दर्यावर्दी संशोधकाची अंटार्क्टिक मोहीम. त्यांचं जहाज एंड्युरन्स बर्फात अडकलं, चिरडलं गेलं आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडालं. २८ माणसं बर्फावर. पुढे होड्यांतून कसंबसं एलिफंट बेटावर पोचले, तिथून शॅकलटन पाच जणांना घेऊन एका छोट्या होडीतून सुमारे १३०० किलोमीटर समुद्र कापून मदत आणायला गेले, हे सगळ्यांना माहीत असतं, पुस्तकांतून व्याख्यानांतून तेच सांगितलं जातं. मला मात्र मागे राहिलेल्या २२ जणांबद्दल सांगायचंय. त्यांचा प्रमुख होता फ्रँक वाइल्ड. निर्जन बेट, दोन होड्या उलट्या करून त्यांच्याखाली राहायचं, खायला सील आणि पेंग्विन, आणि गेलेले सहा जण जिवंत आहेत की नाहीत हे कळायला कुठलाही मार्ग नाही. समुद्र मोकळा असला की वाइल्ड सकाळी सगळ्यांना सांगायचा, अंथरुणं गुंडाळून बांधून ठेवा, बॉस कदाचित आजच येईल. एप्रिल १९१६ च्या शेवटापासून ३० ऑगस्टपर्यंत, चार महिन्यांहून जास्त. शॅकलटन तीन वेळा प्रयत्न करून परत फिरले होते, चौथ्या वेळी येल्चो नावाचं चिलीचं जहाज घेऊन पोचले, आणि तासाभरात बावीसच्या बावीस माणसं जहाजावर चढली. कारण सामान बांधलेलं होतं!

मी हे कितीदा वाचलं असेल. वाइल्डनं "आज नक्की येणार" असं सांगितलं नाही, कदाचित येईल म्हणाला. आणि नुसतं म्हणाला नाही, अंथरूण बांधायला लावलं, म्हणजे आशेला रोज सकाळी एक काम जोडून दिलं. आणि कोणी आलंच नाही तर आपणच होडी काढून मदत शोधायला निघायचं हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. तीन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात, आज येईल, तयार राहू, नाही आला तर आपण निघू. कोणाला वाटेल की तिसरी गोष्ट डोक्यात असणं म्हणजे पहिलीवर विश्वास नसणं. मला उलट वाटतं की तिसरी पक्की होती म्हणूनच पहिली रोज नव्यानं म्हणता येत होती.

आता पुन्हा ऑफिसात येते. त्या सोमवारनंतर मी दोन गोष्टी बदलल्या, एक पटकन जमली आणि एकीला वर्ष लागलं.

पटकन जमली ती म्हणजे "टेन्शन नको घेऊस" हे वाक्य बंद. त्याच्या जागी "काय दिसलं? दाखव." बस. खुर्ची फिरवायची, समोरच्याच्या स्क्रीनकडे बघायचं. बऱ्याचदा खरंच काही नसतं, दोन मिनिटं जातात, जाऊ देत. पण डाउट घेऊन येणाऱ्याला कळतं की इथं डाउट घेऊन यायची सोय आहे. एमी एडमंडसन नावाच्या संशोधिकेनं १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आधी कोडंच पडलं होतं, ज्या टीम चांगल्या त्यांच्याच चुकांचे आकडे जास्त दिसत होते. मग लक्षात आलं की चांगल्या टीममध्ये चुका जास्त होत नाहीत, चुकांबद्दल बोललं जास्त जातं. आमच्याकडे पण पुढच्या सहा महिन्यांत बगची, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांची, यादी लांबली आणि क्लायंटचे फोन कमी झाले.

वर्ष लागलं ते आमच्या एका सीनियरच्या बाबतीत. प्रत्येक टीममध्ये एक असतो असा. काहीही ठरवा, "पण हे फुटलं तर?" प्लॅन मांडून झाला, सगळे खूश, आणि हा, "सर्व्हर त्या वेळी डाऊन असला तर?" सगळे त्याला नाट लावणारा म्हणायचे, मीही मनातून तेच म्हणायचे, आणि त्याला पॉझिटिव्ह करायचा चंगच बांधला होता मी. दर वेळी बाजूला घेऊन, अरे विश्वास ठेव, तुला जमतं, इतका अनुभव आहे तुझा. तो ऐकून घ्यायचा. आणि मी असं समजावलेल्या आठवड्यात त्याचं काम नेहमीपेक्षा कच्चं यायचं, हे मला फार उशिरा दिसलं. मानसशास्त्रज्ञ ज्युली नोरम ह्यांनी अशा माणसांबद्दल लिहिलंय, १९८० च्या दशकापासून. काही माणसं आधी वाईटात वाईट काय होईल ते सगळं डोक्यात घोळवतात, मग त्याची एकेक तयारी करतात, आणि तयारी झाली की शांत होतात. त्यांना "तू छान करशील" असं समजावलं की प्रयोगात त्यांची कामगिरी खालावली. म्हणजे माझ्या पॉझिटिव्ह बोलण्यानं मी त्याच्या हातातलं हत्यारच काढून घेत होते. हे कळल्यावर मला खरंच वाईट वाटलं, जाऊन त्याला तसं सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, मला भीती वाटत नाही हो. मला फक्त यादी करू द्या."

तेव्हापासून कुठलंही मोठं काम सुरू करायच्या आधी आमची एक बैठक त्याच्या नावावर असते. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन ह्यांनी २००७ मध्ये लिहिलेली एक पद्धत आहे, तीच आम्ही आमच्या पद्धतीनं वापरतो. काम फसलंय असं धरून चालायचं, फसू शकेल असं नाही, फसलंच आहे, आणि प्रत्येकानं पाच मिनिटं गप्प बसून का फसलं ते कागदावर लिहायचं. गंमत म्हणजे अशा बैठकीतून लोक जास्त उत्साहानं बाहेर पडतात. आधी मला ह्याचं नवल वाटायचं, आता नाही वाटत. मनातली धाकधूक कागदावर उतरली, तिच्यासमोर कोणाचं तरी नाव लागलं, की ती धाकधूक राहत नाही, काम होतं.

अजून एक छोटी सवय आहे. शुक्रवारी जाताना प्रत्येकानं ह्या आठवड्यात पुढे सरकलेली एक गोष्ट सांगायची, कितीही लहान. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर ह्या संशोधकांनी २३८ लोकांच्या रोजनिशीतल्या जवळपास १२,००० नोंदी वाचल्या आणि त्यांना दिसलं की कामावरच्या चांगल्या दिवसामागे सगळ्यात जास्त वेळा असते ती अर्थपूर्ण कामातली प्रगती, अगदी छोटीशी का होईना. कौतुक, बक्षीस हे सगळं त्याच्या मागे. आणि मजा अशी की वाईट आठवड्यातही काहीतरी सरकलेलं निघतंच, फक्त कोणी विचारलं नाही तर ते दिसत नाही.

एक मात्र मला मनापासून सांगायचंय, विशेषतः वरच्या जागी बसलेल्यांना. पाच जणांचं काम तिघांवर टाकून, सुट्ट्या रद्द करून, आणि वर "अॅटिट्यूड पॉझिटिव्ह ठेवा" म्हणणं हे क्रूर आहे. कमी माणसांची भरपाई मूडनं होत नाही. माणूस दमलाय असं सांगतो तेव्हा तोसुद्धा डाउट घेऊनच आलेला असतो, त्याला पण तेच विचारायचं, काय दिसतंय, दाखव, आणि मग त्यातलं काय कमी करता येईल ते करायचं. जमत नसेल तर निदान जमत नाही असं खरं सांगायचं. टीम खरं सहन करते हो. गोड खोटं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तुमचं खरंही ऐकत नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर मला अजूनही पहिला झटका तसाच बसतो. मेल उघडली, काहीतरी बिघडलंय, पोटात गोळा. त्यात काहीही फरक पडलेला नाही इतक्या वर्षांत. फक्त आता मी बोलायच्या आधी कागद घेते आणि तीन रकाने काढते, आणि मधल्यात एक तरी ओळ लिहून झाल्याशिवाय टीमसमोर जात नाही. कधी कधी ती ओळ फक्त "सगळे जण ऑफिसात आहेत" एवढीच असते. चालतं. तेवढ्यावरही सुरुवात होते, आणि बाकीच्या ओळी टीमच भरते.

ती मुलगी आता दुसऱ्या प्रोजेक्टवर लीड आहे. नाट लावणारा आमच्याकडेच आहे, आणि उद्या रात्री आमचं आणखी एक मोठं मायग्रेशन, म्हणजे तसंच डेटा हलवायचं काम, आहे. त्याची यादी कालच आली, सतरा मुद्दे. चौदांसमोर काय करायचं आणि कोणी ते लिहून झालंय. उरलेल्या तिघांतल्या एकासाठी बॅकअपवाल्यांना फोन करायचाय, दोन अजून कोणालाच सुटलेले नाहीत, त्यासाठी दुपारी बसणार आहोत. तारखांचा मुद्दा यादीत पहिला आहे.